सव्वा किलोचा फरक

लेकीने क्लबातून आणलेली शर्यतीची कार्बनची सायकल अप्पांनी एका हाताने सहज उचलली आणि वर्कशॉपच्या काट्याला टांगली. मग स्वतः घडवलेली पोलादी सायकल टांगली. ती सव्वा किलो जास्त भरली.

"चढावर ते जास्तीचं वजन मलाच ओढावं लागतं, अप्पा. क्लबातले सर म्हणतात, तुमच्या सायकलीवर राज्याच्या संघात निवड व्हायची नाही."

"खरंय त्यांचं."

बाप भांडेल अशा तयारीने आलेली ती गडबडली. "मग तुमची फ्रेम कुणाला तरी देऊन टाकू या ना."

"कुणाला देतेस? तुझे पाय लांब, हात आखूड. या फ्रेमला तुझंच अंग लागतं, पोरी." तीन महिने एकेक नळी तिच्या मापाने कापून त्यांनी ती सांधली होती. आता विकायची तर भंगाराच्याच भावात.

ती नव्या सायकलीवर बसली. हँडल लांब पडत होतं. हात ताणताना ती पार ओणवी झाली. अप्पा पाना घेऊन धावले, पण हँडल आणखी जवळ घ्यायला जागाच उरली नव्हती.

"पाठ दुखते का गं?"

"होईल सवय."

"उताराला जरा सरळ होत जा, बाळ."

मान हलवून ती निघाली. गल्लीच्या टोकाला वळेपर्यंत अप्पा बघत राहिले. एका हातात पाना तसाच होता; दुसरा हात आपसूक स्वतःची पाठ चोळत होता.