पकडीची खूण

चाकातला धूर थांबला, पण वास जाईना. मिस्त्रीने जुन्या ट्रकचं पुढचं डावं चाक उतरवलं, हबजवळ तळहात नेला आणि चटका बसल्यासारखा मागे घेतला. आतलं ग्रीस वितळून फरशीवर ठिबकत होतं. ब्रेकची डिस्क निळी पडली होती.

"वहिनी, पाय ब्रेकवर ठेवून गाडी चालवली की असंच होतं," तो म्हणाला.

मिस्त्रीचा स्वतःच्या हातावर भारी विश्वास, आणि दुसऱ्याच्या पायावर मुळीच नाही. गाडी कुणाचीही असो, चूक चालवणाऱ्याची. वहिनी मात्र ऐकून घेणाऱ्यांतल्या नव्हत्या. घरचे दोन जुने ट्रक, दोन्ही एकाच बनावटीचे, चारही चाकांनी ओढणारे. एक त्या चालवत, दुसरा मिस्त्रीचा थोरला भाऊ. वीस वर्षं हेच चाललं होतं.

"भावोजी, मी खालून सगळा चढ चढून आले. चढावर ब्रेक कशाला दाबीन? हौस म्हणून?"

मिस्त्रीने पहार घालून डिस्क फिरवून पाहिली. ती जागची हलेना. केबिनमध्ये कुणी नव्हतं, पेडल मोकळं होतं, तरी ब्रेक घट्ट धरून बसला होता. उजवं चाक मात्र थंडगार. ब्रेकमधलं रबरी सील फाटलं म्हणावं, तर सील नवं होतं. आठच दिवसांपूर्वी दोन्ही ट्रकांची पुढची सीलं त्यानेच बदलली होती, एकाच दिवशी, एकापाठोपाठ.

त्याने ब्रेकच्या तेलातली हवा काढायचा स्क्रू ढिला केला. काळं तेल पिचकारीसारखं उडालं आणि डिस्क सुटली.

"तेल आत जातंय, पण परत फिरत नाही," तो पुटपुटला. "म्हणजे पाइप."

बोटाएवढा रबरी पाइप त्याने काढला आणि उभा चिरला. आतलं रबर सुटून जिभेसारखं लोंबत होतं. ब्रेक दाबला की तेलाला वाट द्यायचं, सोडला की वाट बंद करायचं. त्याने फडक्याने पाइप बाहेरून पुसला. मळाखाली दातांच्या दोन ओळी उमटल्या होत्या. वरच्या ओळीत मधला एक दात नव्हता.

भिंतीवर खिळ्याला त्याची पक्कड टांगलेली होती. तिचा मधला एक दात कधीचाच तुटलेला.

ही त्याच्या उस्तादाची रीत. सील बदलताना पाइप पकडीत आवळून ठेवायचा, म्हणजे तेल सांडत नाही, हवा काढायला फारसा वेळ जात नाही, अर्धा तास वाचतो. त्या दिवशी भाऊ शेजारीच उभा होता. "छोट्या, जुनं रबर आहे ते, चिरडेल," असं म्हणालाही होता. "तू ट्रक चालव, मला माझं काम करू दे," असं मिस्त्रीने त्याला ऐकवलं होतं.

"काय सापडलं?" वहिनींनी विचारलं.

काही नाही, नवा पाइप टाकतो, एवढंच म्हणून मोकळं व्हावं असं मिस्त्रीला फार वाटलं.

"दादा कुठे असेल आत्ता?"

"फरशा भरून सकाळीच निघाले. घाट उतरायला लागले असतील."

त्याने पाइप पुढे केला. वहिनींनी तो उजेडात धरला, आतून पाहिला, बाहेरून पाहिला. मग भिंतीवरच्या पकडीकडे पाहिलं. ब्रेक असा धरून राहिला की तेल उकळतं, आणि तेल उकळलं की पेडल नुसतं तळाला आपटतं, गाडी थांबत नाही. हे वहिनींना सांगायची गरज नव्हती. सपाटीवर एक वेळ निभावून जातं. भरल्या गाडीला घाटात नाही.

"त्या ट्रकलाही हीच पक्कड लावली होती?"

"दोन्ही बाजूंना."

"चला मग. गाठू त्यांना," वहिनी म्हणाल्या, आणि वळल्या. ट्रक जॅकवर उभा होता, तीन चाकांचा, पाइप चिरलेला. पलीकडच्या गाडीचं इंजिन बाहेर काढून ठेवलेलं. त्या तिथेच थांबल्या.

मिस्त्रीने फोन लावला. लागला नाही. पुन्हा लावला. तिसऱ्यांदा घंटी वाजली. त्याने स्पीकर चालू केला.

"बोल छोट्या!" वाऱ्याच्या आवाजात भाऊ ओरडला. "तुला फोन करणारच होतो. मानलं तुला! काय ब्रेक बसवलेस रे! उतारावर पायसुद्धा लावावा लागत नाही, गाडी आपली आपण धरून राहते."

"दादा, गाडी बाजूला घे! गिअर टाक, हँडब्रेक ओढ, डोंगराकडे—"

"काय? अरे, काही ऐकू येत नाही. पुढचा कुणीतरी गाढव ब्रेक जाळत चाललाय, वासाने डोकं उठलंय."

"तो वास तुमच्याच गाडीचा आहे हो!" वहिनी किंचाळल्या.

"ही पण तिथेच आहे वाटतं? थांबा जरा, वळण आलंय."

फोन समोर ठेवल्याचा आवाज झाला. दोघं फोनवर ओणवी झाली. वारा, इंजिन, मागे फरशांची खडखड. मग पेडल तळाला लागलं. खट.

मग पुन्हा खट. मग घाईघाईने, एकामागून एक.