एकमताने निवडलेलं पुस्तक

कायदा आणि तंत्रज्ञान या विषयाला एकच पुस्तक नेमायचं होतं. ब्यारुहांगा सरांनी वर्गापुढे दोन नावं ठेवली. एक त्यांच्या स्वतःच्या पुस्तकाचं. त्यात त्यांनी ठासून मांडलं होतं, की परवानगीशिवाय पुस्तकाची नक्कल करणं ही चोरीच, मग करणारा कितीही गरीब असो. दुसरं गुलू शहरातल्या आचेंग मॅडमचं. त्यांचं म्हणणं, ज्ञान सगळ्यांना मोकळं हवं. ते पुस्तक मात्र फक्त फोनवर उघडायचं, आणि तेही ज्याने विकत घेतलं त्याच्याच.

"माझी भीड नको," सर म्हणाले. "हरलो तर माझं पुस्तक अभ्यासक्रमातून काढून टाकीन." अर्धं आयुष्य घातलं होतं त्यांनी त्यात.

आमची वर्गप्रतिनिधी नांक्या उठली. "त्यात विचार काय करायचा, सर? तुमचंच!"

सगळे हात वर गेले.

"मस्का तर मारत नाही ना रे?"

"नाही हो, सर! पुस्तक घेऊनसुद्धा आलोय सगळे."

सरांनी चष्मा पुसला. अख्ख्या कंपालात आपलं म्हणणं पटलेला हा पहिलाच वर्ग, असं म्हणाले. "मग काढा पहिलं पान. तिथली सूचना एका सुरात वाचा."

आम्ही वाचू लागलो. "या पुस्तकातील कोणतंही पान प्रकाशकाच्या लेखी..."

आणि सगळा वर्ग एकाच शब्दावर थांबला.

 

पुढची ओळ फाटकाबाहेरच्या नाम्बीमावशीच्या झेरॉक्समध्ये कापली गेली होती. सगळ्यांचीच.