अनुपमाची पर्स

गेलेल्या लेकीची आठवण म्हणून गुणवंतच्या सासूबाईंना तिची पर्स हवी होती आणि त्या उद्याच अजमानला येणार होत्या. पर्सला त्याच्या सिगारेटचा वास होता. काचा बंद, एसी चालू, अशा गाडीत ती वर्षानुवर्षं बायकोच्या मांडीवर बसली होती. सिगारेट सोडल्याचं त्याने सासूबाईंना अनुपमाच्या गळ्याची शपथ घेऊन सांगितलं होतं. शपथ अचूक पत्त्यावर पोचली: फुप्फुसाचा कॅन्सर तिला झाला, त्याला साधा खोकलाही नाही. पर्समध्ये त्याने खाण्याचा सोडा भरून ठेवला, अस्तर व्हिनेगरने पुसलं, बाल्कनीतलं ऊन दाखवलं. “ऑल गॉन, बाबा,” पोरीने हुंगून सांगितलं. दुसऱ्या दिवशी सासूबाईंनी पर्स नाकाशी धरली. “कसलाच वास नाही हो.” गुणवंतने सुटकेचा श्वास सोडला. “ती माहेरपणाला यायची तेव्हा पर्सला तुमच्या सिगारेटचा वास असायचा. तेवढा तरी ठेवायचात, गुणवंतराव.”