दोरीवरचे लंगोट

जन्मतःच पित्ताची नळी बंद असलेल्या बाळांवर डॉक्टर गीतांजलीचं संशोधन चाललं होतं. अशा बाळाची कावीळ उतरत नाही आणि शी पिवळी न होता चुन्यासारखी पांढरी होते. पहिल्या दोन महिन्यांत ऑपरेशन झालं तर ठीक, नाहीतर यकृत हातचं जातं. म्हणून बाई धारणीकडची गावं जीपनं पालथी घालायची आणि दारोदार एकच धोशा लावायची, "बाळाची शी दाखवा." या धावपळीत सख्ख्या बहिणीच्या, मायाच्या, बाळाचं बारसंसुद्धा हुकलं.

अखेर एकदाची सवड काढून ती पातूरला माहेरी आली. अंगणात तिची आई, इंदूबाई, धुणं वाळत घालत होती आणि ओसरीवर पाळण्यात बाळ निजलं होतं.

"आली का मावशी! पोराले चवथा महिना लागला, अन् तुले आता टाइम भेटला?" इंदूबाई म्हणाली. "जाय, पाह्य त्याले. कसा सोन्यावानी पिवळा रंग हाय! आपल्या मळ्यातल्या झेंडूवर गेला म्हणतात सारे."

पाळण्याकडे निघालेली गीतांजली मध्येच थबकली. दोरीवर ओळीनं लंगोट वाळत होते, दुकानातून आत्ताच आणल्यासारखे पांढरेशुभ्र. तिची नजर तिथंच खिळलेली बघून इंदूबाईला भारी कौतुक वाटलं.



"पाहून काय राहिली? लय गुणाचं पोरगं हाय बाई! आजवर एकाही लंगोटाले पिवळा डाग म्हणून लागला नाही."