बिडाचा टब

भामाबाई टबात आडव्या झाल्या, तसा प्रवीणचा पॉलिश पेपर हातातच राहिला.

"आई, अजून घासायचाय. लुगडं गंजानं भरंल."

"भरू दे. पाय पुरत्यात का बघते."

पाय पुरले. दोन्ही अंगांना वीत-वीतभर जागाही उरली. जयमाला दारात उभी राहून हसू दाबत होती. सासूचं हे नवं वेड तिला आवडलं होतं.

टब बिडाचा, रेड्यासारखा जड. भामाबाईंचे नवरे बन्सी भिंगारच्या लष्करी कॅम्पातल्या मेसमध्ये नोकरीला होते. त्यांनी टब भंगाराच्या लिलावातून आणला आणि जन्मभर त्यात पाणी साठवलं. ते गेल्यावर टब परसात गंजत पडला. आता भामाबाईंनी हट्ट धरला होता. गुडघे धरलेत, डॉक्टर शेकायला सांगतो, आणि गाड्या रंगवणारा पोरगा घरात असताना टब गंजतो. दिव्याखाली अंधार.

"चेतन यायच्या आत झाला पायजे," त्या म्हणाल्या.

"तो कुठं येतोय एवढ्यात?"

"येईल की. यावंच लागंल त्याला."

प्रवीणला तिथंच उमगलं. गुडघे हे नुसतं निमित्त. कॅनडातल्या धाकट्याला टबाची सवय, त्याच्यासाठी हा थाट. त्याला राग आला. इथं औषधपाणी करणारा तो, आणि जीव मात्र तिकडं.

पण तो घासत राहिला. चेतनचा विषय त्याला नकोच असायचा. मे महिन्यात बन्सी गेले तेव्हा चेतन फोनवर रडत होता, थांबा, निघालोय. अंगाची लाही होत होती. दुपारी जाणत्यांनी, आता ठेवता येणार नाही, म्हणून मान हलवली आणि प्रवीणने उचलायला सांगितलं. चेतन आला तेव्हा राख उरली होती. तो भांडला नाही. "एक दिवस थांबला नाहीस, दादा," एवढंच म्हणाला. तेव्हापासून दोघे भाऊ आईच्या तोंडून एकमेकांची खुशाली विचारत. ते वाक्य प्रवीणला जेवतानासुद्धा आठवायचं.

गंज निघाला. प्रायमर झाला, पुट्टी झाली. न्हाणीचं दार अरुंद, म्हणून प्रवीण चौकट काढायला निघाला तर भामाबाईंनी त्याला अडवलं.

"पडवीतच ऱ्हाऊ दे."

"पडवीत आंघोळ करणार?"

"पडदा लावू. चार मानसं आली तर उभी ऱ्हायला जागा हाय."

"तुमची आंघोळ बघायला?" जयमाला म्हणाली, आणि तिघंही हसली.

पांढऱ्या रंगाचा शेवटचा हात बसला तेव्हा टब नव्या कोऱ्या गाडीसारखा चमकला. राग असूनही प्रवीणचा हात कुठं आखडला नव्हता. भामाबाईंनी खालचं भोक बोटानं चाचपून पाहिलं.

"थेंब थेंब पानी आलं तरी जाईल ना भाईर?"

"जाईल. पण रंग मुरेस्तोवर कढत पाणी घालू नको."

"आन लई गार?"

"गुडघ्यांना गार कशाला?"

"इचारून ठिवलं."

रविवारी जयमालाने चेतनला व्हिडिओ कॉल लावून मोबाईल सासूच्या हातात दिला. "जय भीम, आई," म्हणता म्हणता त्याला टब दिसला.

"आयला, बाबांचा टब? कुणी केला एवढा भारी?"

"तुझ्या दादानं. आठ दिस खपलाय."

प्रवीण खांबाआड उभा होता. आईने त्याला हाताने जवळ ओढलं. कितीतरी दिवसांनी दोघा भावांनी एकमेकांचं तोंड पाहिलं.

"दादा, मस्त झालाय," चेतन म्हणाला.

प्रवीणने टबाच्या काठावर हात टेकला. तो म्हणाला, "तू आलास की वापर. तुझ्यासाठीच करून घेतलाय तिनं."

"व्हय, त्याच्यासाठीच," भामाबाई म्हणाल्या. त्यांनी टबाच्या काठावरून पदर फिरवला. "चेतन, तुझ्या बापाच्या टायमाला प्रवीणचा इलाज न्हवता. ऊनच तसं हुतं. त्याच्यावर राग धरू नगं."

"आई, आता कशाला ते?"

"ऐक. मी आडवी हून बघितलंय, दोन्ही अंगाला बर्फाच्या लाद्या बसत्यात. बर्फवाल्याला सांगून ठिवलंय. मी गेले की घाबऱ्याघुबऱ्या पळू नगं, बाळा, सावकाश ये. दोन दिस मी यात टिकते."