हानुशची चिकटलेली पानं

केटलीच्या वाफेवर धरलेली स्वरलिपीची दोन पानं एकदाची सुटी झाली आणि ओताकर काडलेट्सने आपला पितळी हॉर्न हळूच खुर्चीखाली सरकवला.

दीडशे वर्षं ती पानं एकमेकांना चिकटून होती. बुकोव्हेच गावच्या हानुश महोत्सवात दरसाल आपल्या गावच्या या संगीतकाराची सेरेनेड ही वाद्यरचना वाजे, आणि त्या पानांपाशी आली की थांबे. मग वाजवणारे, ऐकणारे, अगदी पाद्रीबाबासुद्धा उभे राहत आणि मुकाट्याने बिअरचा अख्खा मग रिकामा करत. मग पुढचं पान. त्या शांततेत हानुशचं सगळं दुःख आहे, असं गावाचं ठाम मत होतं.

प्रागहून आलेल्या व्हाल्टरोव्हा बाईंना ते पटेना. हानुशच्या हस्तलिखितांत त्यांची हयात गेलेली. त्यांनी सरळ केटली चढवली. आत निघालं काय, तर दोन पानं भरून एकट्या हॉर्नने वाजवायचा तुकडा, बोकडाने कडा चढावा तसा वर वर जाणारा.

गावात हॉर्नवाला एकच, ओताकर. घराण्यातला पाचवा. "आमच्या खापरपणजोबांवाचून हानुशचं पान हलत नसे," हे तो गुत्त्यात रोज ऐकवी.

"दुपारी महोत्सवात हे वाजलंच पाहिजे," बाई म्हणाल्या. "जमणार नसेल तर सांगा. ब्रनोहून माणूस बोलावते."

बँडमधली पाच पिढ्यांची खुर्ची जाणार! ओताकर धान्याच्या कोठारामागे जाऊन फुंकू लागला. पहिल्या चढणीला बदकं तळं सोडून निघाली. दुसरीला शेजारचा घोडा गुडघ्यांवर बसला. तिसरीला ओताकरची कवळीच हॉर्नमध्ये गेली.

"अरे, पुरे कर!" त्याची बायको यार्मिला खिडकीतून ओरडली. "गाय आटेल माझी!"

कवळी काढून, पुसून, तोंडात बसवून तो राजीनामा द्यायला सभागृहात गेला. तिथे अख्खा बँड बाईंभोवती जमलेला. बाई भिंगातून पानाचा तळ वाचत होत्या, आणि एवढी विद्वान बाई, पण हसू काही आवरेना.

"काडलेट्स, सुटलात तुम्ही," त्या म्हणाल्या. "वाजवायचं नाहीये हे. खुद्द हानुशनेच खाली लिहून ठेवलंय. तुमच्या खापरपणजोबांचं नावसुद्धा आहे."

ओताकरची छाती वीतभर फुगली. "मोठ्याने वाचा, बाई! ऐकू दे सगळ्यांना."

बाईंनी वाचलं, "'काडलेट्सला हे सात जन्मांत जमायचं नाही. पानं मीच चिकटवली आहेत. तो रुसून बाहेर गेला आहे. त्याची समजूत काढून आणेपर्यंत बाकीच्यांना बिअर पाजा.'"