खुर्चीतली मोकळीक

बसा, आमच्या साडूची गंमत सांगतो. डावी दाढ ठणकायला लागली म्हणून बिचारा दातांच्या डॉक्टरकडे गेला. डॉक्टर कसला, तोंडाळ बाजीराव! साडूच्या तोंडात कापूस कोंबून म्हणतो, "काका, माझ्या खुर्चीत ज्याला त्याला आपलं मत मांडायची मोकळीक आहे."

चिमटा उजव्या दाढेला लागला, तसा साडू 'आँ आँ' करत डाव्या गालावर बोट आपटायला लागला.

"तुमचं मत वेगळं दिसतंय. असू दे, मी आदर करतो त्याचा," म्हणत त्या शहाण्याने चांगली धडधाकट दाढ उपटली.



डावी अजून ठणकतेय हो. आदर नको, नुसतं ऐकून घेणारा एखादा डॉक्टर ओळखीत असला तर सांगा.